रडू का आलं

लॉन्ड्रीवाल्या बाई त्या सिनेमाला गेल्या त्या केवळ लेकाच्या हट्टापायी. गुन्हेगारी घराण्याच्या कथेचा हा दुसरा भाग. पहिल्यापेक्षा सरस, असं जो तो म्हणत होता. लेक मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात कामाला, आणि पहिल्या भागातले संवाद त्याला तोंडपाठ. बाईंचा भाऊही सोबत होता.

बाईंच्या नवऱ्याला एका टोळीने मारलं होतं. लॉन्ड्रीमागची खोली टोळीचा माल ठेवायला द्यायला तो नाही म्हणाला, एवढंच निमित्त. लेक तेव्हा रांगत होता. बाबांना गुंडांनी मारलं, याच्यापलीकडे त्याने कधी विचारलं नाही आणि बाईंनी सांगितलं नाही.

सिनेमात मध्यंतरानंतर घराण्याचा धाकटा मुलगा एका कापडवाल्याला त्याच्याच दुकानात संपवतो. जाताना आरशात बघून टाय नीट करतो आणि एक वाक्य टाकतो. त्या वाक्यावर सगळं थिएटर उसळलं. शिट्ट्या, टाळ्या. शेजारी बसलेला लेकही टाळ्या वाजवत होता. कापडवाला पडद्यावर होता तो जेमतेम घोटभर पाणी पिण्याइतका वेळ. त्याला नावही दिलं नव्हतं.

बाहेर एका चॅनलची मुलगी माईक घेऊन लोकांची मतं विचारत होती. कुणी अभिनयाचं कौतुक केलं, कुणी अंधुक उजेडातल्या छायाचित्रणाचं. भावाने शेवट थोडा लांबला, असं मत दिलं. मग माईक बाईंपुढे आला.

"रडू आलं," बाई म्हणाल्या. "एक माणूस उगाच मेला आणि तुम्ही सगळ्यांनी टाळ्या पिटल्या, म्हणून रडू आलं. माझा नवरा असाच गेला. तेव्हा रस्त्यापलीकडे माणसं उभी होती. टाळ्या नाही वाजवल्या त्यांनी, पण बघत सगळे होते."

मुलीने आभार मानले.

दुसऱ्या दिवशी चॅनलवर बाईंचे दोनच शब्द दिसले: रडू आलं. मागे सिनेमातलं संगीत, खाली ओळ, 'आईंनाही अश्रू आवरेनात'. कपडे टाकायला आलेल्या गिऱ्हाइकांनी हसून विचारलं, इतका आवडला का सिनेमा? बाईंनी शर्टाची कॉलर इस्त्रीखाली अशी दाबली की वाफेने त्यांचाच हात पोळला.

त्यांनी चॅनलला फोन लावला. तिथल्या संपादकाने गोड आवाजात समजावलं, की कार्यक्रम छोटा असतो, भावना तेवढ्या ठेवाव्या लागतात. हवं तर तुमचा भाग काढून टाकतो, म्हणाला.

"काढू नका. अख्खा दाखवा."

ते जमणार नाही, म्हणाला. बाईंनी फोन आपटला. भावाने त्यांनाच दटावलं. जुनं उकरून काय मिळणार, सिनेमाला सिनेमासारखं बघावं, वगैरे. बाईंनी त्याचे इस्त्रीला आलेले कपडे तसेच चुरगळलेले त्याच्या हातात कोंबले आणि त्याला दुकानाबाहेर काढलं.

मग लेकाकडे वळून म्हणाल्या, "तुझा फोन काढ. मी बोलते, तू व्हिडिओ घे."

त्याने घेतलं. बाईंनी सगळं सांगितलं. कोण आलं होतं, नवरा काय म्हणाला, इस्त्रीच्या टेबलावरून त्याला कसं ओढलं, कुणी पोलिसांना फोन केला नाही. लेकाने कोपर टेबलावर टेकवला, पण फोन खाली केला नाही.

त्याने ते तसंच, एक शब्दही न कापता इंटरनेटवर टाकलं. बऱ्याच जणांनी बघितलं. काहींनी माफी मागितली, पुष्कळांनी टवाळी केली. एकाने लिहिलं, बाईंना कला कळत नाही. चॅनलने आपली ओळ काही बदलली नाही. बाईंचा राग तसूभरही उतरला नाही.

संध्याकाळी घड्या घालताना लेक म्हणाला, "आई, टाळ्या मीही वाजवल्या होत्या."

"माहीत आहे. शेजारीच बसले होते मी."

तो पुढचं काही ऐकायला थांबला होता. बाईंना त्याला माफ केलं म्हणायचं होतं, पण ते काही तोंडून निघेना. त्यांनी चादरीचं दुसरं टोक त्याच्या हातात दिलं, आणि दोघांनी ती ताणून धरली.