छत्रीआडचा चेहरा

ज्या वर्षी दॉ मे सीनच्या नातवाला राजपुत्राचे कपडे चढवून, घोड्यावर बसवून विहारात नेलं आणि छोटा भिक्खू करताना त्याचं डोकं भादरलं, त्याच वर्षी कॉलेजात लष्कर शिरलं. मिरवणुकीत तिचा मुलगा चो ल्विन भाच्याच्या डोक्यावर सोनेरी छत्री धरून चालला होता. त्या दिवसाच्या एकुलत्या एका फोटोत तो नेमका छत्रीआड गेला. पुढं पावसाळ्यात कॉलेजच्या फाटकापाशी त्याला गोळी लागली. त्याचा चेहरा म्हणून जगात उरली ती फोटोची एक काच.

ती काच मे सीनच्याच ताब्यात होती. कॉलेजच्या चित्रखोलीची ती राखणदार. घंटाघर, ग्रंथालय, वसतिगृहं, सगळ्या इमारतींची काचेवर घेतलेली चित्रं तिथं पेट्यांत उभी रचलेली. ती टिपणारा म्हातारा ऊ फो ठी रिकामी इमारत कधी टिपायचाच नाही. आधी पायऱ्यांवर पोरं बसवायचा. म्हणायचा, "नाहीतर भिंत विधवेसारखी दिसते."

आता लष्कराच्या कॅप्टनला तीच पोरं हवी होती, विद्यार्थी संघाच्या इमारतीच्या पायऱ्यांवरची. सकाळी पेटी न्यायला येतो, असा त्याचा निरोप आला. काचा मोजलेल्या होत्या. एक जरी कमी भरली, तर प्राचार्य आत जाणार होते.

"सोड्याच्या पाण्यात बोळा बुडव आणि चेहरे पूस," ऊ फो ठी म्हणाला. "बुरशीनं खाल्ले म्हणू. आपल्याकडं माणसालासुद्धा बुरशी लागते. इमारत राहू दे. तिला कोण धरणार आहे?"

दुपारभर दोघं दार लावून बसली. बोळा फिरला की चेहऱ्याच्या जागी नुसती काच उरायची. एकेक पोर मे सीनच्या ओळखीचं. शेवटची काच चो ल्विनची. त्याच्यामागं न्यो थेन उभा, मित्राच्या खांद्यावर हात टाकून. लहानपणी उसाच्या चरकात दोन बोटं गेलेला हा मुलगा तिच्या घरी जेवायचा, तिला आई म्हणायचा. आता नदीपलीकडं लपला होता. तिनं त्याचा चेहरा पुसला. मित्राच्या खांद्यावरचा हात तसाच ठेवला. तो चो ल्विनच्या हनुवटीला लागून होता; पुसला तर हनुवटीही गेली असती.

"याचाही पूस," ऊ फो ठी म्हणाला.

"मेलेल्याचं काय वाकडं करतील, दादा?"

"पूस म्हणतो ना."

तिनं बोळा जवळ नेला आणि पुन्हा वाटीत टाकला. "माझा मुलगा कसा दिसायचा म्हणून कुणी विचारलं, तर काय दाखवू? छत्री?"

म्हाताऱ्यानं ती काच तशीच पेटीत उभी केली.

सकाळी कॅप्टननं एकेक काच खिडकीसमोर धरली. शेवटची जरा जास्त वेळ धरली.

"बुरशी समजूतदार आहे हो तुमची, मावशी. एवढी पोरं खाल्ली, नेमका हाच सोडला."

"माझा मुलगा आहे तो. गेला."

"ठाऊक आहे." तो चेहऱ्याकडं बघतच नव्हता. त्यानं काचेतल्या खांद्यावर बोट ठेवलं. "हा हात कुणाचा?"

"आठवत नाही."

"तीन बोटांचा माणूस आठवत नाही? बरं."

त्यानं ती काच सुती फडक्यात जपून गुंडाळली आणि वेगळी ठेवली.

जीप फाटकाबाहेर पडताच मे सीन अनवाणी घाटावर धावली. नावा साखळीनं बांधलेल्या. तिनं नावाड्याचे पाय धरले. "पलीकडं नुसता निरोप दे रे बाबा. पळ म्हणावं."

"उठा, मावशी. सकाळपासून नदीवर पहारा आहे. पाण्यात वल्हं घातलं की गोळी."

ती कमरेएवढ्या पाण्यात उतरली आणि पलीकडं बघून हाका मारत राहिली. नदी रुंद होती.

कॅप्टननं तीन बोटांच्या पोराची चौकशी गावोगाव केली. न्यो थेन सापडला. काच परत आली नाही.

न्यो थेन दिव्यांच्या पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी तुरुंगात मेला.