ट्रॉयचा बेल

दोन हजार चारचा ऑगस्ट. अमेरिकेतल्या ट्रॉयमध्ये हेमचंद्ररावांच्या घरामागच्या लॉनवर झब्बे, साड्या आणि कॅमेरे यांची झुंबड उडाली होती. दिवेलागणीला त्रिदलानंद महाराजांनी आरती सुरू केली. ती कधी पाऊण तासाच्या आत आटपत नसे. संपली तेव्हा गवतातल्या तीन-तीन पानांनी चक्क हात जोडले होते! दोन पानं एकमेकांना चिकटलेली, तिसरं वरून झुकलेलं.

"बघा! अमेरिकेच्या मातीतला बेलही शिवाला वंदन करतो!" महाराज गरजले. "ज्या घरी हा उगवला, तिथलं दुखणं पळालंच! औषधं टाका कचऱ्यात, बेलाचं पाणी प्या!"

हेमचंद्ररावांनी ते तंतोतंत पाळलं. गाड्यांचे ब्रेक तपासण्यात उभा जन्म घालवलेला माणूस, पण पान बेलाचं आहे का, हे काही तपासावंसं वाटलं नाही. बायकोचं, कांचनचं, इन्सुलिन त्यांनी बंद केलं.

आठवड्यानं पुतणी आली. स्वानंदी, स्टेट कॉलेजला वनस्पतिशास्त्रात पीएचडी करणारी. काकूला घटाघटा पाणी पिताना पाहून तिनं शुगर चेक केली आणि तिचा चेहराच उतरला.

"काका, काकूला आत्ताच्या आत्ता इन्सुलिन द्या!"

"अगं, पण तो नमस्कार मी डोळ्यांनी बघितलाय."

बाहेर अंधारत होतं, आरतीची मंडळी जमत होती. स्वानंदीनं काकांचा हात धरून त्यांना रस्त्यापलीकडच्या गॅस स्टेशनवर नेलं. कचऱ्याच्या डब्याशेजारी तीच पानं, तस्सेच हात जोडून उभी.

"इथे कोणी आरती केली, काका? हा साधा क्लोव्हर आहे. अंधार पडला की पानं मिटतो, सकाळी उघडतो. ससे खातात, मधमाश्या येतात, जमिनीला नायट्रोजन मिळतो. चार पानांचा सापडला तर इथले लोक लकी म्हणतात, पण म्हणून कोणी औषध सोडत नाही. आणि बेलाचा तर वृक्ष असतो! तुम्ही दरवर्षी यालाच वीड, तण म्हणून स्प्रे मारायचात."

स्प्रे यंदाच, रिटायर झाल्यावर, कॅन्सल केला होता. हेमचंद्ररावांना मान वर करवेना.

घरी येऊन त्यांनी डॉक्टरांना फोन लावला आणि ते सांगतील तसं इन्सुलिन स्वतःच्या हातानं दिलं.

"तू तरी नाही म्हणायचंस, कांचन."

"अहो, त्या महाराजांवर माझा कुठे विश्वास होता? तुम्ही म्हणालात म्हणून सोडलं. तुम्ही तपासल्याशिवाय बोलत नाही ना कधी."

हेमचंद्रराव लाजेनं काळेठिक्कर पडले. तसेच लॉनवर आले. "गॅस स्टेशनवरही नमस्कार चाललाय, महाराज," ते म्हणाले.

"बेटा, शिवतत्त्व सर्वत्र आहे!"

"मग तुमची आरती कशाला?"

कोणीतरी फिस्सकन हसलं. हेमचंद्रराव मात्र हसले नाहीत. ते लोकांकडे वळले.

"पान मिटतं, हे खरं आहे. ते का मिटतं, एवढं मी विचारलं नाही आणि बायकोचा जीव पणाला लावला. मला लाज वाटते. तुम्ही तरी विचारा. आणि माझ्या लॉनकडे बघून कोणी औषध सोडलं असेल, तर आरतीला थांबू नका. घरी जा, आधी डॉक्टरांना फोन करा."