छतावरचा खुर्चीवाला

मी छताचा गिलावा बोलतोय. सांगतो ते अक्षर न् अक्षर खरं आहे. शपथ घेताना छातीवर हात ठेवतात म्हणे, पण मला हात नाहीत. छातीही नाही. तेव्हा नुसत्या शब्दावर विश्वास ठेवा. मी आजवर कधीही खोटं बोललेलो नाही. एकदा बोललो होतो, पण ते चोराच्या बाबतीत.

झालं असं, की घरात चोर शिरला. मी वरून नेमका त्याच्या डोळ्यांत पडलो, तो आंधळ्यासारखा चाचपडायला लागला आणि घरच्यांनी त्याला धरला. ही हकीकत मी शेजारच्या खोलीतल्या छताला वर्षानुवर्षं ऐकवली. तो चोर नव्हता. पंखा बसवायला आलेला माणूस होता. डोळ्यांत मात्र मी खरंच पडलो. त्यानं मला चार शिव्या हासडल्या आणि पंखा बसवून गेला. एवढं सोडलं तर बाकी सगळं खरं.

माझा जन्म नळीतून झाला. या घराची स्लॅब वाकडी पडली होती. गवंडी म्हणाला, सुताराच्या फळ्या वाकड्या. सुतार म्हणाला, गवंड्याचे डोळे वाकडे. घर बांधणारा मालक कंटाळून म्हणाला, "भांडू नका रे, वर काहीतरी मारून टाका." ते काहीतरी म्हणजे मी. पिंपात पांढरा लगदा आणि बारीक दाणे कालवले, पंप सुरू केला आणि मला वर उडवलं. जिथे आपटलो तिथे चिकटलो. दाणेदार, खरबरीत. माझ्या उंचवट्यांत स्लॅबचे उंचवटे हरवून गेले. झाकाझाकीसाठीच जन्म झाला म्हणा ना. तक्रार नाही. मला तेव्हाही काही वाटलं नाही.

नव्यानव्यात लोक मान वर करून "वा!" म्हणायचे. नंतर कुणी वर बघेनासं झालं. लोक खाली वाकून हरवलेली टाचणी शोधतील, पण वर बघायचं तर त्यांना आजारीच पडावं लागतं.

या खोलीत एक जोडपं राहायला आलं. नवरा दुकानांतले वजनकाटे तपासायच्या नोकरीत. गल्लीत त्यांना सगळे मापसाहेब म्हणत. दुकानदारानं काट्याखाली चिकटवलेला मेणाचा एवढासा गोळा त्यांना दारातूनच दिसायचा. घरीसुद्धा "जरासं", "थोडंफार", "असेल बहुतेक" हे शब्द चालत नसत. बायको बालवाडीत शिकवायच्या, म्हणून त्या बाई. बाईंचं बोलणं सगळं जरासं आणि थोडंफार असायचं.

सकाळी चादरीवर माझे दाणे पडलेले दिसले की मापसाहेब चिडायचे.

"हे काढून टाकायला हवं."

"असू द्या हो. छताला घामोळं आलंय, आपोआप जाईल."

ते गेलं नाही. मुलगी झाली, मोठी झाली, नोकरीला लागली, लग्न करून गावाच्या दुसऱ्या टोकाला गेली. मी होतो तिथेच. मग बाई आजारी पडल्या.

पलंगाची खिडकीकडची बाजू त्यांची, दाराकडची मापसाहेबांची. बाई आपल्या बाजूला आडव्या झाल्या त्या झाल्याच. मापसाहेब जवळ लाकडी खुर्ची ओढून बसायचे, पेज भरवायचे, औषधं द्यायचे. आणि बाईंना बघायला उरलो मी.

एका सकाळी त्या म्हणाल्या, "अहो, वर बघा. डोक्यावर खुर्ची घेऊन एक माणूस नदी ओलांडतोय."

"कुठे?"

"तो काय, पंख्याच्या पलीकडे. पाणी कमरेपर्यंत आलंय बिचाऱ्याच्या."

मापसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, घातला. त्यांची नजर माझ्यावरून अशी फिरली, जशी पडलेली किल्ली शोधताना फिरते. बाई त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या. आणि ज्या माणसानं उभ्या जन्मात कुणाला एक ग्रॅम सोडला नव्हता, तो म्हणाला, "हो. दिसला."

"दिसला?"

"दिसला ना. खुर्ची डोक्यावरच आहे."

"मग सांगा, कुठल्या पायातली चप्पल वाहून गेलीय?"

मापसाहेबांनी थोडा वेळ घेतला. काटा स्थिर होईपर्यंत थांबावं तसे थांबले. "डाव्या."

बाई हसल्या. खोकला येईपर्यंत हसल्या. मग डोळे पुसत म्हणाल्या, "बरोबर."

त्यानंतर रोज सकाळी त्या माणसाची चौकशी व्हायची. आज कुठवर आला? आज थोडा पुढे सरकलाय. आज दमून उभा राहिलाय.

"पण खुर्ची कशाला न्यायची नदीतून?" मापसाहेबांनी एकदा विचारलं.

"पलीकडे बायको ताटकळत उभी असेल. तिला नको का टेकायला?"

मग बाईंचं बोलणं कमी होत गेलं. त्या माणसाबद्दल शेवटचं बोलल्या ते एवढंच, "अजून मध्येच आहे." पुढे बोलणं थांबलं. आणि एके दिवशी खिडकीकडची बाजू रिकामी झाली. लोक आले, गेले. चादर बदलली गेली. मी वर होतो. मला काही वाटलं नाही. गिलाव्याला काय वाटणार?

त्यानंतर मापसाहेब आडवे झाले. आजारी नव्हते. आपल्या बाजूला उताणे पडायचे आणि दिवसभर माझ्याकडे बघायचे. मुलगी रोज डबा घेऊन यायची.

"बाबा, उठा बरं."

"उठतो."

"कालचा डबा तसाच आहे."

"खातो."

"वर काय आहे एवढं?"

"काही नाही."

ते खोटं नव्हतं. त्यांना काही दिसत नव्हतंच. मधूनच पुटपुटायचे, "डावीच म्हणालो होतो," त्यावरून मला कळलं की ते चप्पल शोधतायत. डाव्या पायात ती नसेल, तर आपला अंदाज चुकून लागला. असेल, तर बाईंनी "बरोबर" का म्हणावं? त्यांनी आपलं खोटं ओळखलं होतं की नव्हतं? आयुष्यभर मापं घेतलेला माणूस. एवढं एकच माप राहिलं होतं, आणि ज्यांना विचारायचं त्या नव्हत्या.

मुलीनं त्याचा वेगळाच अर्थ लावला. तिला वाटलं, छत काढलं की बाबा उठतील.

"बाबा, मी हे छत खरवडून घेणार आहे. धूळ पडते. तुम्हाला खोकला येतो." ती भांडायची तयारी करून आली होती.

"काढ," मापसाहेब म्हणाले.

तिची सगळी तयारी वाया गेली.

"फक्त खिडकीकडचं शेवटी काढायला सांग."

का, ते तिनं विचारलं नाही.

मग कंत्राटदार. पहिला फोनवरच म्हणाला, "एका दिवसात उडवून टाकतो ताई, बघायला कशाला यायला पाहिजे?" दुसरा आला, पण मोबाइलमधून डोकं वर काढीना, छतापेक्षा त्यानं फरशीच जास्त बघितली. तिसरा आला तो माझ्याकडे बघतच आत शिरला, पलंगाला अडखळला आणि सरळ जमिनीवर उताणा झोपला.

मुलगी घाबरली. "अहो, लागलं का?"

"नाही ताई, काम चालू आहे. छत उभ्यानं कळत नाही. आडवं व्हावं लागतं." त्यानं बॅटरी तिरकी धरून माझ्यावरून प्रकाश फिरवला. "उभ्यानं बघून बघून माझी मान बघा कशी झालीय. बायकोनं हाक मारली तर सगळ्या अंगानं वळावं लागतं. तिला वाटतं, किती मान देतो मला."

मापसाहेबांनी पलंगावरून त्याच्याकडे पाहिलं. कितीतरी दिवसांनी त्यांनी माझ्याव्यतिरिक्त कशाकडे तरी पाहिलं होतं.

"खरवडल्यावर खालची स्लॅब वाकडी निघणार," कंत्राटदार म्हणाला. "पुट्टीचे हात द्यावे लागतील. आणि आधी तुकडा तपासायला पाठवतो. जुन्या गिलाव्यात कधीकधी घातक धागे असतात. असले तर मी हात लावणार नाही, त्याची माणसं वेगळी."

त्यानं मला थोडं भिजवलं, कोपऱ्यातला नखाएवढा तुकडा काढला आणि पिशवीत घातला. काही दिवसांनी मुलीनं पलंगाशी उभं राहून फोनमधून वाचून दाखवलं, "बाबा, रिपोर्ट चांगला आलाय." या घरात चांगला रिपोर्ट येऊन बरेच दिवस झाले होते.

कामाच्या दिवशी पलंग, कपाट, खुर्ची सगळं बाहेर गेलं. जमिनीवर प्लास्टिक अंथरलं, भिंतींवर चिकटवलं, पंखा उतरवला, त्याची कडी तेवढी राहिली. पंपानं माझ्यावर पाणी मारलं. मी मऊ झालो. मग रुंद पट्टी घेऊन कंत्राटदार शिडीवर चढला आणि मी सालीसारखा निघू लागलो. दुखलं का, विचाराल. नाही. दाराकडचा मी खाली लगदा होऊन पडलो होतो आणि खिडकीकडचा मी वरून ते बघत होतो. दोन्हीकडे सारखंच वाटत होतं. म्हणजे काहीच नाही.

खिडकीकडचा तुकडा उरला तेव्हा कंत्राटदार शिडीवरून उतरला. मापसाहेब तोंडाला फडकं बांधून दारात उभे होते.

"काका, हे शेवटी का ठेवायला सांगितलंत?"

"तिथे एक माणूस आहे म्हणे."

दुसऱ्या कुणीही मुलीला फोन लावला असता. कंत्राटदार ओल्या प्लास्टिकवर आडवा झाला आणि शेजारची जागा हातानं पुसली. "या, झोपा इथे. सांगा कुठंय."

मापसाहेब गुडघे धरत खाली बसले आणि आडवे झाले. पलंग नव्हता, म्हणून लक्षात आलं नाही कुणाच्या, पण ती बाईंची जागा होती. कंत्राटदारानं बॅटरी तिरकी धरली. माझ्या दाण्यादाण्याची सावली पडली.

"मला दोन बदकं दिसतायत आणि एक हातोडा," तो म्हणाला. "तुमचा माणूस?"

"कडीच्या पलीकडे. डोक्यावर खुर्ची आहे. नदी ओलांडतोय. मला फक्त त्याचे पाय बघायचेत. डाव्या पायात चप्पल आहे का, एवढंच. पाणी कमरेपर्यंत आलंय त्याच्या आणि..."

मापसाहेब थांबले.

"पाणी कमरेपर्यंत," ते पुन्हा म्हणाले.

"बरं, मग?"

"मग पाय कसे दिसतील?"

"नाहीच दिसणार. पाण्याखाली गेले."

बॅटरी तशीच धरलेली. दोघंही वर बघत पडलेले. बाईंनी जे दिसूच शकत नाही ते विचारलं होतं, आणि काटे तपासणाऱ्या माणसानं ते बघून सांगितलं होतं. म्हणून त्या खोकला येईपर्यंत हसल्या. त्यांना पहिल्या सकाळीच कळलं होतं. तरी त्या "बरोबर" म्हणाल्या, आणि पुढे रोज त्या खुर्चीवाल्याची बातमी देत राहिल्या.

तेवढ्यात मुलगी चहा घेऊन आली. "बाबा! पडलात की काय?"

"नाही गं. तुझी आई फार हुशार होती."

"हे आत्ता कळलं तुम्हाला?"

"आत्ताच," मापसाहेब म्हणाले. मग कंत्राटदाराला म्हणाले, "घ्या खरवडून."

माझ्यावर तो माणूस होता का, हे मला विचारू नका. स्वतःचं तोंड बघायला छताला आरसा कोण दाखवणार? लोक मला आडवे होऊन बघायचे आणि मी त्यांना.

खरवडणं संपलं तेव्हा जमिनीवर पांढरं पाणी साचलं होतं. मापसाहेब बाहेर गेले आणि बाईंच्या उशाशी असायची ती लाकडी खुर्ची घेऊन आले. तिचे पाय ओले होऊ नयेत म्हणून त्यांनी ती डोक्यावर घेतली. विजार गुडघ्यापर्यंत वर ओढली, एक चप्पल लगद्यात अडकली ती तिथेच सोडली आणि ते हळूहळू पलीकडे खिडकीपाशी पोचले. मुलगी दारातून बघत होती. त्यांनी खुर्ची टेकवली. स्वतः बसले नाहीत. रिकामीच ठेवली.

सध्या मी गोण्यांमध्ये आहे, जिन्याखाली. वाळलोय. उद्या गाडी येईल म्हणतात. वर माझ्या जागी गुळगुळीत पुट्टी लागली आहे. तिच्यात बदक दिसणार नाही की हातोडा. जाण्याआधी एकच मागणं. तुमच्या शेजारी आडव्या पडलेल्या कुणी वर बोट करून "दिसतंय का?" विचारलं आणि दिसत नसेल, तर "नाही दिसत" म्हणा. मग विचारणारं माणूस तुमचं बोट धरून तुम्हाला दाखवू लागतं. मापसाहेबांचं तेवढं राहून गेलं.

आणि हो. शपथ घ्यायला निघालो होतो, तेव्हा सांगून टाकतो. डोक्यावर खुर्ची घेऊन मापसाहेब पांढऱ्या पाण्यातून चालत गेले, ते माझ्या पदरचं. चोरासारखंच. खुर्ची कंत्राटदारानं बगलेत मारून आणली आणि पलंगामागोमाग ठेवून दिली. मापसाहेबांनी तिच्याकडे बघितलंही नाही. ते खिडकीकडच्या बाजूला आडवे झाले आणि त्यांनी डोळे मिटले. मी तोवर गोणीत भरून दाराशी उभा होतो. खरं एवढंच.

बाईंच्या शेवटच्या शब्दाप्रमाणे तो माणूस अजून नदीच्या मध्येच आहे. खुर्ची कुठेतरी टेकवायला हवी होती, म्हणून मी टेकवली.