शेपूवरचं पाणी

"बायने, दोन काड्या ठेव गं," काट्यांच्या कुपाटीपलीकडून कमलबाईंचा आवाज आला, तेव्हा बायनाबाई दुष्काळी कामावरची खडी फोडून नुकतीच उंबऱ्यावर टेकली होती. पाय मणामणाचे झाले होते. तरी ती उठली. दिवे लागल्यावर झाडाला हात लावायचा नाही, झाडं झोपतात. आणि दिवस तर मावळायलाच आला होता.

तिनं कढीलिंबाच्या दोन काड्या मोडल्या, वाटेकडेच्या पसरट दगडावर ठेवल्या आणि मागं सरली. कमलबाईंनी कळशीत बोटं बुडवून काड्यांवर पाणी शिंपडलं आणि मगच त्या उचलल्या.

"धूळ असती गं पाल्यावर," त्या म्हणाल्या. हे त्या रोजच म्हणत.

बहात्तरच्या सालात ताडकळसात धुळीशिवाय होतं तरी काय म्हणा! पण ही धूळ दुष्काळातली नव्हती. बायनाबाई लग्न होऊन आली, तिनं अंगणात कढीलिंब लावला, तेव्हापासूनची होती. पुढं गावाबाहेरच्या सगळ्या वाड्यानं दीक्षा घेतली, बौद्ध झाला, घरातले देव नदीला गेले. दगड मात्र जागचा हलला नाही. तिचा मुलगा सिताराम चिडायचा. "आये, हातातून घेत न्हाईत तर देऊ नगस."

"भांडायला बी अंगात ताकद लागती, बाबा," ती म्हणायची.

आणि खरं सांगायचं तर तिला ती वेळ आवडायची. मळ्यातून परतताना कमलबाई घटकाभर उभ्या राहत, दुखऱ्या गुडघ्याची गाऱ्हाणी सांगत, हिचीही ऐकत. नवरा गेल्यापासून बायनाबाईशी एवढं बोलणारं दुसरं कुणी नव्हतं.

झाड तिनं जिवापाड जगवलं होतं. गावच्या विहिरीनं तळ गाठला तरी भांडी विसळलेलं पाणी त्यालाच जायचं. घरात रेशनच्या मिलो ज्वारीची लाल भाकरी आणि पाण्यासारखं वरण. पण चार पानं फोडणीत तडतडली की काहीतरी शिजलंय असं वाटायचं. नाहीतर आहेच रोजचं मरण.

आज ती लगेच आत वळली नाही. इतक्या वर्षांत तिनं कमलबाईंकडं काही मागितलं नव्हतं.

"बाई, जुडीभर शेपू मिळंल का? पंचफुलाला पान्हाच फुटंना. लेकरू रडून रडून निळं पडायलंय."

पंचफुला तिची सून. बाळंत होऊन आठवडाही झाला नव्हता, आणि अंगावर दूध नाही. बाळंतिणीला शेपू द्यावा हे गावात शेंबडं पोरही सांगेल. पण त्या साली शेपूचा हिरवा वाफा एकट्या कमलबाईंच्या मळ्यात होता.

"अगं, मग आधी न्हाई का सांगायचं? उद्या आणते की," कमलबाई मनापासून म्हणाल्या. बाई वाईट नव्हती.

बोलल्याप्रमाणे दुसऱ्या दिवशी त्या आल्या. शेपूची चांगली भरगच्च जुडी होती. तिचा वास कुपाटीच्या अलीकडं आला आणि बायनाबाईच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

"धर पदर," म्हणत कमलबाईंनी हात उंच केला. त्यांचं देणं असंच, वरून. गेल्या पोळ्याला टाकलेल्या पोळीचा अर्धा तुकडा मातीत पडला होता, आणि तो झटकून बायनाबाईनं खाल्ला होता. आजही स्वतःसाठी असतं तर तिनं पदर पसरला असता. पण खाली कोंबड्यांची घाण होती, आणि घरात लेकरू रडत होतं.

"बाई, दगडावर ठेवा. बाळंतिणीला हाय, मातीत सांडाया नगं."

कमलबाई थबकल्या. मग गुडघा धरून वाकल्या आणि जुडी दगडावर ठेवली.

पुढं जे झालं ते कसं झालं, हे बायनाबाईला कधीच सांगता आलं नसतं. तिच्या हातात झाडाला घालायच्या पाण्याचा तांब्या होता. त्या दगडावरचं काहीही उचलायच्या आधी काय करतात, ते तिनं जन्मभर पाहिलं होतं. बोटं आपोआप तांब्यात बुडाली आणि शेपूवर पाणी शिंपडून मोकळी झाली.

कमलबाईंचा चेहरा उतरला. "आमच्या शेपूवर पाणी मारतीस, बायने?"

बायनाबाईला वाटलं, चुकले म्हणावं, पाया पडावं, उद्याच्या जुडीचा तरी विचार करावा. पण दिवसभराच्या घणानं हात भरून आले होते, आणि नवं काही सुचायला डोकं जाग्यावर नव्हतं. वर्षानुवर्षं ऐकलेलंच तोंडातून बाहेर पडलं.

"धूळ असती, बाई, पाल्यावर."

कमलबाईंनी कळशी उचलली आणि त्या निघून गेल्या.

लसणाच्या फोडणीतला तो शेपू पंचफुलानं दोन वेळा पोटभर खाल्ला. दुसऱ्या दिवशी दुपारी लेकरू चुटूचुटू दूध पिऊ लागलं आणि पिता पिताच झोपलं.

त्या संध्याकाळी सवयीनं तिनं दोन काड्या मोडून दगडावर ठेवल्या आणि उंबऱ्यात बसली. कमलबाई दिसल्या, पण दूर, ओढ्याकडच्या लांबच्या वाटेनं. दुखऱ्या गुडघ्यानं लंगडत चालल्या होत्या. बायनाबाईला हाक मारावीशी वाटली. पण ती उंबऱ्यातच बसून राहिली.

अंधार पडला. मोडलेलं काही झाडाला परत लागत नाही. ती उठली, तांब्याकडं गेलेला हात तिनं आवरला, काड्या तशाच उचलल्या आणि चुलीपाशी जाऊन वरणाच्या फोडणीत टाकल्या.

"आत्या, आज लय पानं घातलीव," तडतड ऐकून पंचफुला आतून म्हणाली.

"हां," बायनाबाई म्हणाली. "दोन घरची हायत."