तराजूचा तास

लोक आमच्या खोलीत काय काय आणून टाकतात ते एकदा बघायला या. शाळेच्या मागच्या अंगाला ही खोली आहे. पूर्वी तिथे मोडकी बाकं ठेवत. मी निवृत्त झाल्यावर ती मागून घेतली आणि आसपासच्या कारखानेदारांना, दुकानदारांना कळवलं की तुमच्याकडे उरलेलं, छपाईत चुकलेलं, कापून राहिलेलं जे असेल ते द्या, आम्ही त्यातून मुलांना हाताळायला साधनं करू. हेतू चांगला होता. पण देणाऱ्याला घर रिकामं करायचं असतं आणि वर पुण्यही हवं असतं. एकाने पोतंभर रिमोट आणले, एकाही टीव्हीला न चालणारे. एका बाईंनी वाळलेली स्केचपेनं दिली आणि पावती मागितली. एक गृहस्थ व्यायामाची सायकल दारात टेकवून, "मुलांना उपयोगी पडेल," असं म्हणत जे गेले ते परत दिसले नाहीत. तिला पॅडलही एकच होतं.

त्यातच कधीतरी सोनंही येतं. क्रीम बनवणाऱ्या एका कंपनीने गोल, पांढऱ्या, झाकणाच्या डब्या पाठवल्या. रंग चुकला म्हणून त्यांनी बाजूला काढलेल्या, मोठ्या, मधल्या, छोट्या. गादीवाल्याने फोमचे तुकडे दिले, एका वर्कशॉपने लोखंडी वायसर, म्हणजे नटाखाली घालतात त्या चकत्या, दिले, लाँड्रीवाल्याने हँगर दिले. मला एकदम दिसलं काय करायचं ते. मोठ्या डब्यांत फोम भरायचा, छोट्यांत वायसर. मुलांना वाटतं मोठं ते जड. हातात घेतल्यावर कळेल की तसं नसतं, आणि हँगरच्या दोन टोकांना आइस्क्रीमची झाकणं टांगून केलेला तराजू ते पक्कं करेल.

हे सगळं चौथीच्या वर्गशिक्षिकेसाठी होतं. ती माझीच जुनी विद्यार्थिनी, मला अजून बाई म्हणते. आठवड्यातून एक तास तिने मोठ्या मिनतवारीने मिळवला होता, वस्तू हाताळून शिकण्याचा. मुख्याध्यापिकांचं म्हणणं, या तासाला नुसता गोंगाट होतो, त्यापेक्षा शुद्धलेखन घ्या. "येत्या शनिवारी मी स्वतः येऊन बसते, आणि शिकण्यासारखं काही दिसलं नाही तर तास बंद," असं त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं. वर्गशिक्षिकेची झोप उडाली होती. तिच्या वर्गात काही मुलं अशी होती की फळ्यावरचं गणित त्यांच्या डोक्यावरून जाई आणि या एका तासालाच ती हात वर करत.

आता आमचे भाऊजी. माझे धाकटे दीर. आयुष्यभर गॅरेजमध्ये चाकांचं बॅलन्सिंग केलं. चाक फिरवायचं, कुठे थरथरतं ते बघायचं, तिथे शिशाचा तुकडा लावायचा, परत फिरवायचं. चाक शांत फिरेपर्यंत ते सोडत नसत. निवृत्त झाल्यावर त्यांना फिरवायला चाक उरलं नाही. घरातला पंखा उतरवून झाला, कपाटाखाली पुठ्ठे घालून झाले, भिंतीवरच्या तसबिरी रोज सरळ करून झाल्या. शेवटी जाऊबाई माझ्यापुढे रडकुंडीला आली.

"ताई, यांना तुमच्या खोलीवर घेऊन जा. काल माझी पोळी लाटून झाली की ते ती मोजपट्टीने बघत होते."

मी घेऊन गेले. तिथे चूक झाली म्हणत नाही, कारण हँगरचे तराजू त्यांनी फार सुंदर केले. हवेत बोट हलवलं तरी हलतील इतके नाजूक. पण भाऊजींना काही सांगणं म्हणजे भिंतीशी बोलणं. मी म्हटलं, लाकडी ठोकळ्यांच्या कडा घासू नका, मुलांना खरखरीत आणि गुळगुळीत दोन्ही कळायला हवं. त्यांनी घासल्या. मी म्हटलं, ठोकळे सगळे सारखे नकोत. त्यांनी पट्टी लावून सारखे केले. मी रागावले की ते मान डोलवायचे, "बरोबर आहे वहिनी," म्हणायचे, आणि पॉलिश पेपर शोधायला लागायचे.

शुक्रवारी दुपारी मला दाढेसाठी डॉक्टरांकडे जावं लागलं. डब्या भरून, मांडून ठेवल्या होत्या. जाताना भाऊजींना बजावलं की यांना हात लावू नका.

शनिवारी वर्ग भरला. मुख्याध्यापिका मागच्या बाकावर पाठ ताठ करून बसल्या. वर्गशिक्षिकेने तराजू टांगला आणि समोरच्या मुलाला एक मोठी आणि एक छोटी डबी दिली.

"कुठली जड वाटते?"

"छोटी."

दुसऱ्या मुलाने घेतली, तोही छोटी म्हणाला. माझा जीव भांड्यात पडला. मग दोन्ही डब्या तराजूत ठेवल्या आणि हँगर जो स्थिर झाला तो अगदी आडवा, जमिनीला समांतर. कुठेही झुकेना. वर्गशिक्षिकेने माझ्याकडे पाहिलं. मी दुसरी जोडी दिली. आडवा. तिसरी. आडवा. मोठी डबी उचलून पाहिली तर फोमची म्हणून हलकी लागायला हवी ती चांगली जड होती. झाकण उघडायला गेले तर पक्क्या गोंदाने बंद. मग सगळं लक्षात आलं. माझ्या पाठीमागे त्या माणसाने बसून एकेक डबी उघडली होती आणि वायसर घालून सगळ्यांचं वजन एक केलं होतं. त्यांच्या लेखी तराजू झुकतो म्हणजे तो नादुरुस्त आणि त्यांनी तो दुरुस्त केला होता. वर खुळखुळू नये म्हणून फोमही नीट दाबला होता.

मला इतका संताप आला की काल बधिर केलेली दाढ ठणकायला लागली.

"तराजू बिघडलाय," एक मुलगा म्हणाला. वर्गशिक्षिकेचा चेहरा पडला. तेवढ्यात एक मुलगी उठली. वर्गात तिला सगळे वकील म्हणतात, कारण ती कशालाच लगेच हो म्हणत नाही. तिने एका झाकणात खोडरबर टाकला. तराजू झटकन झुकला. खोडरबर काढला, परत आडवा.

"बिघडला असता तर आत्ता कसा झुकला? बाई, डब्यांची जागा बदला. तो खोटं बोलत असेल तर आता एका बाजूला झुकेल."

जागा बदलल्या. तराजू आडवाच राहिला. मग जो गलका झाला तो विचारू नका. निम्मा वर्ग म्हणे हात खरं सांगतो, निम्मा म्हणे तराजू. फळ्यावरच्या गणिताला कधी तोंड न उघडणारा एक मुलगा डोळे मिटून दोन्ही डब्या हातात धरून बसला आणि सांगेना काही केल्या. मुख्याध्यापिका उठून पुढे आल्या. मला वाटलं, झालं, संपलं. त्यांनी त्याच्या हातातून डब्या घेतल्या आणि तोलून पाहिल्या.

"ही छोटी जड आहे. उघड आहे. तुमच्या तराजूत दोष आहे बाई."

"बाई, तुम्ही पण डोळे मिटून बघा," वकील म्हणाली. "मोठी दिसते म्हणून आपण आधीच ठरवतो की ती जड असणार, मग ती हलकीच वाटते."

हे तिने कुठे वाचलं नव्हतं, उभ्या उभ्या सुचलं होतं. मुख्याध्यापिकांनी डोळे मिटले. बराच वेळ मिटलेले ठेवले.

"अजूनही छोटीच," त्या पुटपुटल्या, आणि स्वतःवरच चिडल्यासारख्या दिसल्या.

मग डब्या सुतळीला बांधून लोंबत्या ठेवल्या, मुलांनी डोळे मिटून, डब्यांना हात न लावता नुसत्या सुतळ्या धरल्या, तेव्हा वकिलीणबाईंचं म्हणणं थोडंफार खरं ठरायला लागलं. काहींना दोन्ही सारख्या वाटल्या, काहींना नाही. घंटा झाली ती कोणाला ऐकू आली नाही. मुख्याध्यापिका दारापाशी थांबून वर्गशिक्षिकेला म्हणाल्या, "हे मला पटेपर्यंत तास चालू ठेवा." आणि एक मोठी, एक छोटी अशी जोडी सोबत घेऊन गेल्या. परत काही दिली नाही.

वर्गशिक्षिका माझ्या गळ्यात पडली. मी मात्र तडक खोलीवर गेले. भाऊजी व्यायामाच्या सायकलला दुसरं पॅडल बसवत होते. भांडायचं ठरवून आले होते, पण कुठून सुरुवात करावी कळेना. तास वाचला तो यांच्यामुळे. हे त्यांना सांगितलं तर पुढची सगळी साधनं समतोल होणार, आणि न सांगणं बरोबर नव्हतं. शेवटी सगळं सांगितलं. ऐकता ऐकता त्यांनी पॅडलचा नट आवळून घेतला.

"म्हणजे एकही जोडी झुकली नाही?"

"एकही नाही."

"मग ठीक." एवढंच. वर चेहऱ्यावर समाधान.

मग मी खालच्या आवाजात, एकेक शब्द सुटा करून सांगितलं की सोमवारी ब तुकडीला माझ्या पद्धतीच्या डब्या लागणार आहेत, हलक्या आणि जड, वेगवेगळ्या. तराजू झुकायलाच हवा. सगळं सारखंच असतं असं मुलांच्या डोक्यात बसून चालणार नाही.

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी चाकाचे नट ढिले ठेवायला सांगत होते.

"मुद्दाम वाकडं करायचं, वहिनी?"

"मुद्दाम."

त्यांनी हातातला पाना खाली ठेवला.

"ते माझ्याच्याने होणार नाही. तुम्हीच करा."

मी वायसरांचा डबा पुढे ओढला आणि भरायला बसले. भाऊजींनी आपली खुर्ची उचलली आणि तोंड भिंतीकडे करून बसले, म्हणजे त्यांना बघायला लागू नये.