मौन मोडलं ती सकाळ

मार्गशीर्षात मी सकाळी दिवा लावल्यापासून दुपारी बारापर्यंत बोलत नाही. अकरा वर्षं झाली. कारखान्यात सगळ्यांना ठाऊक आहे. काही सांगायचं असलं की मी चिठ्ठी लिहिते, काम अडत नाही.

त्या सकाळी काम अडलं होतं आणि मी चिठ्ठी लिहीत नव्हते.

वजनकाट्यावरचा कॉम्प्युटर उसाचं वजन आमच्या खोलीतल्या लिनक्स सर्व्हरकडे पाठवतो, आणि तिथून पावती निघते. हा सर्व्हर नऊ हंगाम मी सांभाळला. दिवाळीनंतर रोहिणी आली. इथलीच, माजलगावची, पण पुण्यात शिकलेली. मॅनेजर पंडितसाहेबांनी पावतीचा नवा प्रोग्राम तिला करायला दिला आणि म्हणाले, "हा नीट चालला की सर्व्हरचा चार्ज रोहिणीकडे. सुरेखाताई, तुम्हालाही जरा आराम."

मी आराम कधी मागितला होता?

आदल्या संध्याकाळी तिने प्रोग्राम चढवला. सकाळी पहिला ट्रॅक्टर काट्यावर आला आणि पावती निघेना. स्क्रीनवर एकच उत्तर, परवानगी नाही. रोहिणीने फाईलींच्या परवानग्या तपासल्या, त्या बरोबर होत्या. तीनदा पावतीची सेवा बंद करून चालू केली. ऐन थंडीत पोरीच्या मानेवर घाम आला होता. मला तो दिसत होता आणि, खोटं कशाला सांगू, बरं वाटत होतं.

कारण मला पाच मिनिटांतच कळलं होतं. या सर्व्हरमध्ये एसईलिनक्स नावाचा पहारा असतो. फाईलची परवानगी कितीही मोकळी असो, तिच्यावरचं लेबल चुकीचं असलं की हा पहारा सेवेला तिला हात लावू देत नाही, आणि दिलेला नकार स्वतःच्या लॉगमध्ये लिहून ठेवतो. मी माझ्या स्क्रीनवर तो लॉग उघडला. नकारांची रांगच होती. पावतीच्या सेवेने फाईल मागितली, फाईलवर लेबल रोहिणीच्या स्वतःच्या फोल्डरचं, नकार. रोहिणीने प्रोग्राम आपल्या फोल्डरमध्ये तयार केला आणि तिथून कॉपी न करता उचलून हलवला. हलवलेली फाईल जुनं लेबल घेऊनच येते. पहिल्या वर्षी मीही अगदी हेच केलं होतं, आणि दोन दिवस डोकं फोडून घेतलं होतं. मला कोणी सांगायला आलं होतं का?

तेवढ्यात काट्यावरचा अंगद धावत आला. "मॅडम, रांग पार फाट्यापत्तुर गेली! त्यो नांदूरघाटचा म्हाळू ट्रॅक्टरवरून उतरून नाचायलाय. म्हणतो, ऊस वाळून चिपाड झाल्यावर तोलता का बे?" मग माझ्याकडे वळला. "ताई, तुमी कावून गप? मौन हाय तर चिठ्ठी तरी लिवा की!"

मी लिहिलं, 'बघतेय.' माझं बघून कधीच झालं होतं.

"ताई, तुम्हाला काही सुचतंय का?" रोहिणीने अगदी हळू विचारलं. मी हात जोडले आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केलं. सव्वादहा. मनात म्हटलं, व्रत देवाचं आहे, त्याला मी काय करणार.

साडेदहाला तिने कुठेतरी वाचलं आणि तो पहाराच ढिला सोडला. एक कमांड फक्त. आता तो नुसता बघणार, अडवणार कुणालाच नाही. काट्यावरून अंगदची आरोळी आली, "निघाली! पावती निघाली!"

पंडितसाहेब टाळ्या वाजवतच आत आले. "याला म्हणतात शिकलेलं डोकं! चार्जचा कागद आजच काढतो."

"पहारा काढून टाकलाय तिने, साहेब."

हा आवाज माझा होता. घड्याळात पावणेअकरा.

"अगं बाय, ताई बोलल्या!" दारातून अंगद म्हणाला. "बारा वाजले का?"

मी थांबले नाही. सगळ्यांसमोर सांगितलं की असं दार सताड उघडं ठेवलं तर पावत्या कोणीही काढेल. रोहिणीला पहारा पुन्हा लावायला सांगितला. पावती पुन्हा अडली. मग एका कमांडने फाईलींची लेबलं तिला दाखवली, दुसरीने ती नव्या जागेला लागतात तशी करून घेतली. पहारा चालू असताना पावती निघाली. चार मिनिटंसुद्धा लागली नसतील.

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. "म्हणजे हे तुम्हाला सकाळपासून माहीत होतं?"

मी तोंड उघडायच्या आत रोहिणी बोलली. "सर, त्यांचं मौन असतं ना. माझ्यासाठी मोडलं त्यांनी."

डोळ्यांत पाणी होतं तिच्या. तेसुद्धा मला सोसवेना. दोन तास ट्रॅक्टर उभे होते, माणसं उन्हात होती, तेव्हा माझं व्रत शाबूत होतं. तिचं कौतुक झालं आणि ते एका दमात मोडलं.

"तुझ्यासाठी नाही गं," मी म्हणाले.

"बघा, किती साधेपणा!" साहेब हसले. "असं करू, चार्ज रोहिणीकडेच, प्रोग्राम तिचा आहे. ताई, तुम्ही तिला शिकवा."

घरी येऊन मी देवापुढे बसले, पण क्षमा नेमकी कशाची मागायची ते ठरेना. रात्रीचं जेवण सोडलं, एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी रोहिणी सर्व्हरचा पासवर्ड बदलायला बसली. "ताई, तुम्ही इथेच बसा ना," म्हणाली. मी शेजारी बसले. दुसरं कोणी पासवर्ड टाकत असलं की आपण तोंड फिरवायचं, ही शिस्त या खोलीत मीच लावली होती. तिने बोटं कीबोर्डवर ठेवली आणि थांबली. मी तोंड खिडकीकडे केलं.

बाहेर ट्रॅक्टर एकामागून एक काट्यावर चढत होते. मी मात्र मागे वाजणाऱ्या कळा मोजत होते. चौदा.