तिसऱ्या वेळचे खूर

अगं हो पोरींनो, सांगते, रविवारी फोन का बंद होता ते सांगते, पण मधेमधे हसायचं नाही. तुम्ही हसणारच म्हणा, कारण सुरुवातच अशी आहे की रविवारी सकाळी दहा वाजता मी आमच्या मागच्या दाराशी एका बकरीच्या पोटाखाली डोकं घालून बसले होते आणि तिनं माझ्या कानाखाली सणसणीत लाथ मारली.

हेडबाईनं. पाहिलीये ना तुम्ही तिला? पांढरी, दाढीवाली, डोळ्यांभोवती चष्म्यासारखी काळी वर्तुळं. आमच्याकडे तीन आहेत. हेडबाई, तिची लेक ठिपकी आणि ठिपकीची लेक लुडबुड. आजी, आई, नात, सगळा गोतावळा एका गोठ्यात. घरात मात्र मी एकटी.

तर हेडबाई लंगडत होती. आता तुम्ही म्हणाल बकरी लंगडते तर डॉक्टरला दाखव. डॉक्टरचं काम नव्हतंच ते. बकरीचे खूर आपल्या नखांसारखे वाढतात गं, महिन्या-सव्वा महिन्यानं कापावे लागतात. नाही कापले की बाहेरची कड वाढते, मग ती आत दुमडते, त्या दुमडीत माती, शेण सगळं ठासून बसतं, मग पाय वाकडा पडायला लागतो. आणि आम्ही पाच महिने कापले नव्हते. आम्ही म्हणजे मी. हेडबाईचे पुढचे खूर असे वर वळले होते, सर्कशीतल्या विदूषकाचे बूट असतात ना, तस्से. खोटं वाटतंय? फोटो दाखवीन नंतर.

पाच महिने, कारण आईला दादाकडे जाऊन पाच महिने झाले. वहिनीला बाळ झालं, दादाचं घर शहरात, तिथं करायला कुणी नाही, म्हणून आई गेली. जाताना दारात उभी राहून म्हणाली, "दोनदा खूर तू काप. तिसऱ्या वेळेला मी आलेच." आमच्या आईला तारखा कळत नाहीत, ती खुरांवर महिने मोजते. दादाचा जन्मसुद्धा तिच्या हिशेबात 'दोन खुरांच्या मधे' झालेला आहे.

आता मागच्या आठवड्यात फोनवर माझ्या तोंडून निघून गेलं की हेडबाई पाय टेकत नाहीये. झालं. आई म्हणाली, "मग राहू दे बाळा, मामाला सांगते. रविवारी चारला टेम्पो घेऊन येईल, तिघींना घेऊन जाईल. त्याच्याकडे पंधरा आहेत, त्यात तीन. तुला एकटीला कशाला तो ताप? घराला कुलूप लाव आणि तूही इकडेच ये. हॉलमध्ये गादी टाकू तुझी."

ऐकलंत? घराला कुलूप! म्हणजे बकऱ्या मामाकडे, मी दादाच्या हॉलमध्ये, मग आई परत कुठे येणार? कशासाठी येणार? कुलूप बघायला? मी म्हटलं, अगं थांब, जरा पाय दुखतोय तिचा, होईल बरा. तर म्हणाली, "चारला मामा बघेल. लंगडत नसली तर राहू देऊ."

म्हणून रविवार, सकाळी दहा, आणि ती लाथ.

काम येतं गं मला. म्हणजे बघून येतं. लहानपणापासून ठरलेलं होतं, कात्री आईकडे, पाय माझ्याकडे. मी बकरीला भिंतीशी दाबून धरायची, गुडघ्यानं रेटायची, पाय मागे दुमडून वर करायचा, आई खाली बसून कापायची. दोन माणसांचं काम आहे ते. एकट्यानं करायचं म्हणजे दोन्ही हातांनी पाय धरायचा आणि कात्री काय दातात धरायची? मी सगळं करून पाहिलं. दोरी आखूड करून खिडकीच्या गजाला बांधली. पुढ्यात पाटीभर पाला ठेवला. हेडबाईनं पाला खाल्ला, मग पाटी उलटी केली, मग माझ्या ओढणीचं टोक खाल्लं, आणि पायाला हात लावला की थयथयाट! बरं, खूर दगडासारखे कडक. आदल्या दिवशी ओलं पोतं पायाखाली टाकून ठेवायचं असतं, मऊ पडायला. तेही मी विसरले. मग सकाळी सकाळी बादलीत एकेक पाय बुडवून धरा. ती बादलीही सांडली. मी पूर्ण भिजलेली, कात्री बोथट. नाही, कात्री बोथट नव्हती, पण नाचता येईना तर अंगण वाकडं, तसं.

अकरा वाजता मी कट्ट्यावर बसले आणि डोळ्यांत पाणीच आलं. आणि तेव्हा डोक्यात ट्यूब पेटली. हेडबाई आईसमोर गप्प का उभी राहायची?

कारण आई बोलत असायची! अखंड! आणि बकरीला नाही, मला! आमच्या घरात खूर कापणं म्हणजे मला झापण्याचा कार्यक्रम. "नीट धर. लक्ष कुठंय? नुसती उंची वाढली, अक्कल गुडघ्यात. अगं घोडे, पाय धरायला सांगितलाय, पाया पडायला नाही." खर्र खर्र कात्री चालतेय आणि वरून तोंडाचा पट्टा. आठवड्याभराचं सगळं निघायचं त्यात, सांडलेलं दूध, उघडं राहिलेलं फाटक, माझे मार्क, सगळं. आणि हेडबाई डोळे अर्धे मिटून, रवंथ करत, निवांत. तिला लहानपणापासून माहितीये की हा आवाज चालू असला म्हणजे बोलणी दुसऱ्या कुणालातरी बसतायत, आपल्याला धोका नाही.

मी लगेच आईला फोन लावला, स्पीकरवर टाकला, उपड्या बादलीवर ठेवला आणि हेडबाईचा पाय धरला.

"बोल बाळा," आई कुजबुजली. "जेवलीस का?"

हेच! हेच सांगायचंय मला तुम्हाला! आई मला जन्मात कधी बाळा म्हणाली नव्हती. घोडी, ढमी, भवानी, हे सगळं होते मी. तिकडे गेल्यापासून बाळा. जेवलीस का बाळा, झोपलीस का बाळा, दमली असशील ना बाळा. पाहुण्यांशी बोलतात तसं. आणि कायम हळू आवाजात, कारण तिकडचं खरं बाळ झोपलेलं असतं. पाच महिन्यांत एकदाही ओरडली नाही मला. तुम्हाला वाटेल बरंय की. नाही बरं वाटत गं. रोज रात्री फोन ठेवला की मला वाटायचं, माझी आई कुठंतरी हरवली आणि तिच्या फोनवर ही कोण गोड बाई बोलतेय.

आणि हेडबाईलाही तसंच वाटलं बहुतेक, कारण तिनं ते "बाळा" ऐकलं आणि पाय हिसडून घेतला.

"आई, जरा ओरड ना," मी म्हटलं.

"काय?"

"ओरड मला. काहीतरी बोल. हेडबाईचे खूर कापतेय, ती उभी राहत नाहीये."

"वेडी कुठली," आई हळूच हसली. "उगाच कशी ओरडू बाळा? तू काय केलंयस?"

आता बघा. मी काय केलं होतं ते मला माहीत होतं. पाच महिने कुणाला सांगितलं नव्हतं, तुम्हालासुद्धा नाही. मी हेडबाईचा पाय पुन्हा धरला, गुडघ्यानं तिला भिंतीशी रेटलं आणि सांगून टाकलं.

"आई, मी खूर एकदाही कापले नाहीत. वेळ नव्हता म्हणून नाही. मुद्दाम."

"म्हणजे?"

"तू म्हणालीस ना, दोनदा तू काप, तिसऱ्या वेळी मी येते. मग दोनदा झालं आणि तू नाही आलीस तर? म्हणून मी पहिल्या वेळेपासूनच कापले नाहीत. म्हटलं, राहिलेत म्हटल्यावर तुला यावंच लागेल."

फोनमध्ये एक दार लागल्याचा आवाज आला, म्हणजे ती बाळाच्या खोलीतून बाहेर आली असणार, आणि मग, अगं मग, काय सुरू झाली!

"अगं ए भवाने! मुक्या जनावराचे पाय वाकडे केलेस? तुझ्या डोक्यात मेंदू आहे का भुसा? तुला नखं वाढवायची तर स्वतःची वाढव की! एवढी मोठी घोडी झालीस, झेरॉक्सच्या दुकानात नोकरी करतेस, लोकांची कागदपत्रं सांभाळतेस, आणि चार पायांच्या तीन पोरी सांभाळवत नाहीत तुला?"

आणि हेडबाई थांबली. आईशप्पथ. कान मागे, डोळे अर्धे बंद, रवंथ सुरू. मी पटकन बोथट सुरीनं आतली घाण उकरली, असा वास आला म्हणून सांगू, आणि कात्री लावली. वाढलेली कड कट् कट् करत पडायला लागली.

"आणि ते फाटक! बिजागरी तुटलीये म्हणालीस, लावलीस? नाही ना! थांब. थांब, घाई करू नकोस. कसला आवाज येतोय? कोरडं वाजतंय ना? कोरडं वाजतंय तोवर काप. ओलसर वाजलं की हात आवर, खाली गुलाबी दिसेल. दिसलं?"

"दिसलं."

"मग आता खुराची दोन्ही बोटं समान कर. एक लांब एक आखूड ठेवशील, तुझ्या वेण्यांसारखी. दुसरा पाय घे. आणि रडू नकोस, नाक ओढल्याचं ऐकू येतंय मला. दिसेनासं होईल आणि कापशील भलतंच."

किती वेळ, माहीत नाही. चारही पाय झाले. ठिपकीही उरकली. आई फोनवरून कात्रीचा आवाज ऐकत होती आणि मला शाळेपासूनचं सगळं ऐकवत होती, आणि मी, हसू नका म्हटलं ना, मी गेल्या पाच महिन्यांत इतकी खूश नव्हते. मग मागून बाळाचं रडणं आलं, आणि बॅटरीनंही तेव्हाच मान टाकली. हे असं झालं. तुमचे ते चौदा मिस्ड कॉल त्यानंतरचे.

चारला मामा आला. टेम्पो दारात लावला, मागे पाला पसरलेला, दोरखंड तयार. हेडबाईला बघितलं तर ती चारी पायांवर ताठ चालत त्याच्याकडे गेली आणि त्याच्या खिशातला रुमाल ओढायला लागली. मामानं तिचा पाय उचलून बघितला. अंगठा फिरवला. मग दुसरा बघितला. मग घरात डोकावला आणि मोठ्यानं हाक मारली, "ताई! आलीस होय! कळवलं नाहीस ते!"

मी म्हटलं, "आई नाहीये मामा. मी कापलेत."

"चल, थापा नको मारू. हा हात ताईचाच आहे."

माझे हात बघितले मी. काळे, वास मारणारे, अंगठ्याला कात्रीचा फोड, जिथे आईला असतो बरोब्बर तिथेच.

मामा खूश. त्यानं स्वतःच्या फोनवरून आईला लावला. "अगं ताई, टेम्पो रिकामा नेतोय मी! पोरगी तयार झालीये तुझी. कसल्या बकऱ्या नि कसलं कुलूप, राहू दे सगळं जिथल्या तिथं."

मी कान लावून उभी. आई तिकडून म्हणाली, आणि आवाज इतका मोकळा होता गं तिचा, पाच महिन्यांचं ओझं उतरल्यासारखा, म्हणाली, "हो ना? मला पण ऐकून तसंच वाटलं. आता घोर नाही बघ मला. मग मी बाळ वर्षाचं होईपर्यंत राहते इथं निवांत. जमतंय की तिला सगळं."

जमतंय की.

म्हणजे लंगडली असती तर कुलूप, आणि नाही लंगडली तर हे. मी मामाला चहा केला, तो प्यायला, माझ्या डोक्यात टपली मारून रिकामा टेम्पो घेऊन गेला. गल्लीच्या वळणापर्यंत टेम्पोची खडखड ऐकू येत होती.

मागे आले तर लुडबुड राहिलेली. तिचं झालंच नव्हतं ना. तिला गजाला बांधलं, पाय धरला, तिनं हिसडला. फोन घरात चार्जिंगला. म्हटलं, आता?

मग मीच सुरू झाले. मोठ्यानं. "अगं ए घोडे, नीट धर. लक्ष कुठंय? किती दिवस आईच्या पदराला धरून राहणार? तीन जणींचं एक काम सांगितलं तर पाच महिने गप्प बसलीस. वर रडतेस? लाज वाटते का?" आणि लुडबुड उभी राहिली गं. शहाण्यासारखी. हेडबाई आणि ठिपकी पण कान टवकारून बघत होत्या, कोणाला एवढं बोलतेय म्हणून. मी थांबलेच नाही, कुठून कुठून आठवत होतं, आईचं वाक्यन् वाक्य, तिच्याच चालीत, तसंच दम घेत. कोरडं वाजतंय तोवर काप. ओलसर वाजलं, हात आवरला.

शेवटचा खूर झाला. आता शेवटचा खूर झाला की आई काय म्हणायची माहितीये? कात्री पुसायची, सगळा राग एकदम खाली टाकायची आणि म्हणायची, "चल, हात धू. वाढते."

तिथपर्यंत आले मी. झापता आलं सगळं, तेवढं नाही म्हणता आलं. लुडबुड मान वळवून बघत होती. तिलाही तो शेवट माहीत असणार, त्याशिवाय सुटल्यासारखं वाटत नसेल तिला. दोरी सोडली तरी हलेना.

मग मी नळाखाली हात धुतले, नीट, कोपरापर्यंत. आत गेले. एकच ताट काढलं.